गाव कोणाचे?



रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात काम करणाऱ्या आमच्या एका उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. गावाचे व स्वतःचे नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही मान्य केली आहे. ते लिहितात की, गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून तीन गाड्या भरून माणसे आली. सकाळी त्यांनी मते दिली, दुपारी देवळापुढील मांडवात जेवली आणि दिवस मावळण्यापूर्वी परत गेली. त्यांनी निवडिलेला सरपंच आता साऱ्या गावाचा सरपंच आहे. नळाची योजना वरच्या वाडीस आधी मिळावी असे ठरले. खालच्या वाडीच्या बायका अजून ओढ्यावर जातात. "पाणी भरणारे आम्ही आणि पाणी कोठे न्यावे हे ठरविणारे ते, ह्यात न्याय कोणता?" असे ते विचारितात. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे. "त्या गाडीत माझा सख्खा भाऊ होता, म्हणून मला मोठ्याने बोलवत नाही."

हे पत्र दोन आठवडे आमच्या मेजावर पडून होते. उत्तर सुचत नव्हते असे नाही. जे सुचत होते ते फार लवकर सुचत होते, म्हणून त्याचा भरवसा वाटेना.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपण पुष्कळदा कायदा न वाचताच त्याच्या नावाने भांडतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मनुष्य सामान्यतः जेथे राहतो तेथे त्याचे नाव मतदारयादीत असावे. गावी त्याचे घर आहे, एवढ्यावरूनच तो तेथील रहिवासी ठरत नाही. आणि काही काळ तो बाहेर गेला, एवढ्यावरूनच त्याचे तेथील राहणे संपतही नाही. एकाच मनुष्याचे नाव दोन ठिकाणी असू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते आणि ज्यांची नावे तीत आहेत त्या सर्वांची मिळून ग्रामसभा होते. तेव्हा वीस वर्षे परळास संसार करणाऱ्याचे नाव कोकणातील यादीत राहिले असेल, तर ते तेथे असू नये. हरकत घेण्याचा मार्ग मोकळा आहे. परंतु वाचकांनी विचार करावा, की उद्या ती यादी शुद्ध झाली, गाड्या बंद झाल्या, तरी आमच्या बंधूंच्या मनातील प्रश्न सुटला काय? त्यांच्या भावाचा त्या गावावर काही हक्क आहे की नाही, हे यादी सांगत नाही.

तो भाऊ मुंबईस कसा आला, हे समजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८५४ मध्ये ताडदेव येथे कापसाच्या पहिल्या गिरणीचा आरंभ झाला आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी ह्या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. माणसे आली ती घाटावरून व विशेषतः कोकणातून. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सुमारे पावणेबारा लाख होती. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, तो १९८१ मध्ये निराळा झाला.) ही माणसे एकएकटी आली नाहीत. एका गावचे दहावीस जण मिळून चाळीतील एक खोली घेत. जो दिवसपाळीस गेला त्याच्या जागी रात्रपाळीचा झोपे. वळकटी भिंतीशी, पेटी माळ्यावर, जेवण खानावळीत. भाडे सर्वांनी वाटून द्यावयाचे. कोणाचे लग्न ठरले, कोणी मेला, कोणी आजारी पडला, तर वर्गणी त्याच खोलीत जमे. आणि मग त्याच खोलीत गावचा विचारही होऊ लागला. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, ओढ्यावरील साकव, भावाभावांतील बांधाचा तंटा हे सर्व लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या जागेत बोलले जाई. अशा प्रकारे कोकणातील कित्येक गावांची चावडी गावात एक व मुंबईत एक अशी दोन ठिकाणी झाली. आणि दुसऱ्या चावडीकडे पैसा असल्यामुळे पहिलीवर तिचे वजन पडू लागले.

गेल्या महिन्यात एका रविवारी सायंकाळी, उपासना आटोपल्यावर, आम्ही लालबागेत अशा एका खोलीवर गेलो. गावकऱ्यांच्या अशा खोल्या आता थोड्याच उरल्या आहेत. भिंतीवर मंडळाच्या जुन्या सभासदांचे छायाचित्र होते. कोपऱ्यात पत्र्याची पेटी आणि तिच्यात १९५० नंतरच्या वर्गणीच्या वह्या. तेथे गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा भेटले. आम्ही पत्राचा विषय, नावे न घेता, त्यांच्यापुढे मांडिला. ते रागावले नाहीत. वही उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेविले. शाळेच्या कौलांसाठी वर्गणी दिलेल्यांची ती यादी होती, दोन रुपये, तीन रुपये, एकाचे आठ आणे. ते म्हणाले, "ह्याने आठ आणे दिले तेव्हा ह्याच्या खानावळीचे पैसे थकले होते. आता गावातले पोरगे मला म्हणते, तुम्ही बाहेरचे. मी बाहेरचा कधी झालो, ते मला कोणी सांगितले नाही."

त्या आजोबांच्या बोलण्याने आमचे सोपे उत्तर मोडले, हे आम्ही कबूल करितो.

त्यातच १९८२ ची गोष्ट आहे. त्या वर्षी १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि आज त्या जागी उंच इमारती व मोठमोठी दुकाने उभी आहेत. त्या महिन्यांत हजारो कामगार आपली पेटी घेऊन गावी परतले. गावाने त्यांस काय विचारिले? काही नाही. नाचणीची भाकरी होती ती वाटून घेतली. जो भाऊ दर महिन्यास मनीऑर्डर पाठवीत होता तो आता भावाच्या ताटात जेवू लागला, आणि ज्या वहिनीचे दागिने पूर्वी त्याच्या पैशाने झाले होते त्याच वहिनीने ते गहाण टाकिले. कित्येक घरांत ह्यावरून कडूपणाही आला. तो नव्हता असे म्हणणे खोटे होईल. परंतु उंबरठा कोणी बंद केला नाही. गावाने मुंबईवर जितके घेतले त्याहून अधिक त्या दोन वर्षांत परत केले, असे म्हणणारे आम्हांस भेटले आहेत, आणि उलट म्हणणारेही भेटले आहेत. हा हिशेब कोणत्याही वहीत नाही, आणि मांडू गेल्यास तो जुळेल असे वाटत नाही. एवढे मात्र दिसते की, गाव व मुंबई ह्यांत उपकारकर्ता एक व उपकृत दुसरा असे कधीच नव्हते. म्हणून "आम्ही पैसे दिले, सबब आमचे ऐका" हे म्हणणे जितके लंगडे, तितकेच "तुम्ही सोडून गेलात, सबब गप्प बसा" हेही लंगडे आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न आपल्या मंडळ्यांस इतरांहून अधिक लागतो, तीकडे वळू. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे ज्या घरांत जन्मले ती घरे वेशीच्या बाहेर होती. गावाच्या कामांत त्यांचा वाटा होता: मेलेले ढोर ओढणे, सरकारी टपाल पोहोचविणे, वेशीवर जागणे. गावाच्या विचारात त्यांचा वाटा नव्हता. ते गावात राहत होते, पण गाव म्हणजे कोण, हे सांगताना त्यांस कोणी मोजीत नसे. आणि मुंबईत आल्यावर हे सुटले काय? लालबागच्या खोल्याही जातीजातींच्या वेगळ्याच होत्या. गिरणीत कापड विणण्याच्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या लोकांस घेत नसत, कारण धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडास लागणार. अधिक मजुरी त्याच खात्यात होती. गावाची वेस रुळांवरून मुंबईस आली आणि गिरणीच्या फाटकाच्या आत येऊन बसली.

ह्याच परळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे तरुणपण चाळींत गेले. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे तेही त्याच रत्नागिरीचे. १९३२ च्या ऑक्टोबरात मुंबई कायदेमंडळापुढे ग्रामपंचायतींचे बिल आले असता त्यांनी त्यास विरोध केला. गावाच्या पंचांच्या हाती न्यायाचा अधिकार द्यावा, आणि त्या पंचांत दलितांस राखीव जागा नसाव्यात, हे त्यांस धोक्याचे वाटले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ते खेड्याविषयी जे कठोर शब्द बोलले ते प्रसिद्धच आहेत. गांधीजींस खेड्यात स्वराज्याचे बीज दिसत होते. शेवटी राज्यघटनेच्या ४० व्या अनुच्छेदात ग्रामपंचायती स्थापन कराव्यात असे आले, १९५८ चा आपला ग्रामपंचायत कायदा १९५९ मध्ये अमलात आला, आणि १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया ह्यांच्या जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्रात २०११ पासून अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत. महारकीसारखी कनिष्ठ गावकामाची वतनेही १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. बाबासाहेबांची शंका खोटी होती म्हणून हे झाले नाही; ती खरी होती म्हणून ह्या तरतुदी कराव्या लागल्या, असे आमचे मत आहे.

वेशीबाहेरच्या माणसास पहिला धीर कोणी दिला, हेही विसरू नये. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या त्याच्याच मुलाने दिला. शहरात त्याने रोख मजुरी पाहिली, शाळा पाहिली, सभा ऐकिल्या. गावी येऊन तो म्हणाला, बाबा, उद्यापासून ढोर ओढावयास जावयाचे नाही. त्यावरून मारहाण झाली, बहिष्कार पडले. ह्या मुलास त्या दिवशी गावातील मोठ्या घरांनी काय म्हटले असेल? हेच की, "तू मुंबईचा, तुला गावच्या रीतीत बोलण्याचा अधिकार नाही." तेव्हा "जो राहतो त्यानेच बोलावे" हा नियम आम्ही आज डोळे मिटून लावू लागलो, तर उद्या तोच नियम दुर्बलाच्या पाठीवर बसेल. आमच्या बंधूंनी हे मनात धरावे. त्यांच्या पक्षाचा आहे म्हणून तो नियम आज गोड लागत आहे.

मग निवाडा कसा करावा? आमच्या समजुतीप्रमाणे ह्यात दोन गोष्टींची गल्लत होत आहे. गावाविषयी बोलणे निराळे आणि गावासाठी ठरविणे निराळे. बोलण्याचा अधिकार जन्माने, आठवणीने, वर्गणीने, आईबापांच्या थडग्यांनी मिळतो. तो कोणाचाही हिरावून घेऊ नये. ठरविण्याचा अधिकार मात्र त्या ठरावाखाली दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यास उठावे लागते त्याचा आहे. नळ कोठे न्यावा हे ठरविल्यावर जो संध्याकाळच्या गाडीने जातो, त्याचे चुकले तरी त्याच्या डोक्यावर हंडा येत नाही. चूक सोसावी लागत नाही तेथे मनुष्य वाईट नसला तरी बेफिकीर होतो. हे आम्ही आमच्या स्वतःच्या वर्तनात पाहिले आहे, ते पुढे सांगू.

ह्याच मुंबईत पाहा. गिरगाव, माझगाव, नायगाव ह्या नावांत अजून गाव आहे. गावदेवीचे देऊळ आहे म्हणून त्या भागास गावदेवी म्हणतात. वरळीस कोळीवाडा आहे. एके काळी येथे भाताची शेते व माडांच्या वाड्या होत्या. परळास गव्हर्नरसाहेबांचा बंगला झाला, पुढे १८९९ मध्ये तेथे डॉ. हाफकिन ह्यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. मग गिरण्या आल्या, चाळी आल्या, आता मनोरे आले आहेत. ह्यांतील पुष्कळ गोष्टी उपयोगाच्या होत्या. हाफकिनच्या लशीने किती जीव वाचले असतील! परंतु परळ गावास कोणी विचारिले काय? ज्या ठिकाणी ठरविणारे एकीकडे व राहणारे दुसरीकडे अशी फाळणी कायमची होते, तेथे शेवटी गावाचे नाव तेवढे मागे राहते.

अलीकडे ही फाळणी वाढण्याची कारणेही आहेत. पूर्वी ग्रामपंचायतीची तिजोरी जवळजवळ रिकामी असे. घरपट्टीतून दिवाबत्तीसुद्धा भागत नसे, म्हणून मुंबईच्या मंडळाचा आधार. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींस मिळू लागला. त्यातच सरपंच सर्व मतदारांनी थेट निवडावा ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. म्हणजे एका खुर्चीस पूर्वीपेक्षा अधिक मोल आले, आणि चारशे-पाचशे मतांच्या गावात तीन गाड्यांनी ती खुर्ची हलते. गाड्यांचे भाडे कोण देतो, हे आमच्या बंधूंनी लिहिले नाही. लिहिण्याची गरजही नाही.

परंतु मतदान हे एक दिवसाचे काम. गावाचा खरा कारभार ग्रामसभेत असतो, आणि तेथे कोण बसते? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या दिवशी ग्रामसभा भरविण्याची वहिवाट आहे. एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, ह्यांत जी संख्या कमी ती गणपूर्तीस पुरे होते. तेवढीही माणसे येत नाहीत म्हणून सभा तहकूब झाल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची सभा भरवावी असा नियम आहे. आम्ही ज्या ज्या गावी जातो तेथे विचारितो, की ही सभा कधी भरली? उत्तर बहुधा असे मिळते की सह्या घेतल्या जातात. ज्या खालच्या वाडीच्या बायका ओढ्यावर जातात, त्यांपैकी किती जणींनी ग्रामसभेत उभे राहून नळाविषयी विचारिले? आमच्या बंधूंनी त्यांच्याबरोबर जाऊन बसण्याचा यत्न केला काय? गाड्यांनी आलेल्या दोनशे लोकांनी एक दिवस गाव घेतला हे खरे; वर्षाचे बाकीचे दिवस तो गाव कोणी घेतला नाही, म्हणून तो पडून होता, हेही खरे. बंधूंस हे शब्द कठोर वाटतील, पण त्यांनी आम्हांस निवाडा विचारिला आहे, सांत्वन विचारिले नाही.

आणि त्यांच्या भावाविषयी. तो आपल्या गावाचा नाही असे त्यास कोणी म्हणू नये. लालबागच्या आजोबांप्रमाणे त्याच्याही उरी ते लागेल. त्याने ग्रामसभेस यावे, आणि १ मेची सुट्टी मुंबईसही असते. ओढ्याची वाट एकदा उन्हात, हंडा घेऊन, चालून पाहावी. मग सर्वांबरोबर सतरंजीवर बसून त्यास जे वाटते ते बोलावे, आणि हात वर करण्याची वेळ आली म्हणजे आपला हात खाली ठेवावा. वरच्या वाडीने खालच्या वाडीचे ऐकले नाही, तर जिल्हा परिषदेपर्यंत अर्ज घेऊन जाण्यास, कागद वाचण्यास, वकिलाचे दार दाखविण्यास मुंबईच्या भावाइतका उपयोगी कोण? एवढे पुरे नाही काय? अर्थात दोन्ही पक्ष म्हणतील की आम्ही दुर्बलांसाठीच बोलतो. ह्यावर आम्हांस एकच खूण ठाऊक आहे: ज्यांच्यासाठी बोलत आहो त्या बायांस आधी बोलू द्यावे, आणि त्या काय म्हणतात ते ऐकल्यावर आपले भाषण अजून करावेसे वाटते का ते पाहावे.

आता आमच्याविषयी. दादरास येऊन आम्हांस अकरा वर्षे झाली. आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात. तेथे आई राहते. आमचे नाव गावच्या यादीत तसेच होते. मागील एका निवडणुकीत एका उमेदवाराने जीप पाठविली, तीत आम्ही बसलो. वाटेत त्याच्याच पैशाने जेवलो. मत कोणास द्यावे हे गाडीतच ठरले, कारण गावात कोणास विचारण्यास वेळ नव्हता. आईस भेटलो ते जेमतेम अर्धा तास. पुढे त्या माणसाने गावात काय केले व काय केले नाही, हे आम्ही कधी विचारिले नाही. बंधूंच्या पत्रास उत्तर सुचेना, त्याचे एक कारण हे होते.

गेल्या आठवड्यात नाव येथे बदलून घेण्याचा अर्ज आम्ही भरिला. आईस दूरध्वनीवरून तसे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारिले, "म्हणजे आता तू गावाला पाहुणा होऊन येणार का?" आम्ही म्हणालो, तसे नाही, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी येऊ आणि दोन दिवस राहू. तिने विचारिले, ग्रामसभा कधी असते. आम्ही तारीख सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती. बासष्ट वर्षे ती त्या गावात राहत आहे.